बिनतारी राज्यकारभार

घर, विहीर आणि शिवार जागच्या जागी ठेवून केवळ दफ्तराची भाषा बदलली म्हणजे रयतेची काय अवस्था होते, हे 1 नोव्हेंबर 1956 च्या राज्यपुनर्रचनेत बेळगावासह म्हैसूर राज्यात गेल्यानंतर आम्हां कडोलीकरांस कोणी शिकवावे असे उरलेले नाही. तथापि तोच प्रयोग मी स्वहस्ते माझ्या वृद्ध लॅपटॉपवर केला. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ची सद्दी संपताच मी डेबियन लिनक्सची राजवट आणली. पडदा उजळला, कळफलक रुजू झाला; वायफायची चिप मात्र नव्या सरकारचा एकही हुकूम समजेना. तिच्या अंगी घालावयाची आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, ही निर्मात्याची खासगी मिळकत, सबब ते अन्यत्रून आणून हजर करावे, असे फर्मान सुटले. इंटरनेटसाठी फर्मवेअर आणि फर्मवेअरसाठी इंटरनेट: रहिवासाच्या दाखल्याच्या अर्जास रहिवासाचाच दाखला जोडावा, तसला हा मामला!

डेबियनच्या मंडळींनी 2022 साली रीतसर मतदान घेऊन असले फर्मवेअर सोबतच देण्याचे ठरविले आणि 2023 च्या बाराव्या आवृत्तीपासून त्याचा अंमलही केला. परंतु काटकसरीपायी मी जपून ठेवलेली चकती अकरावीची. अखेर मोबाईल केबलने जोडून, त्याचेच इंटरनेट उसने घेऊन फर्मवेअर उतरविले, तरीही चिप मुकीच. मग पुतण्याने लॅपटॉपच्या कडेची वायफायची नखाएवढी खुंटी सरकविली. तांबडा दिवा निळा झाला.

केबल अद्याप टेबलावरच आहे. ती कोणी हलवू नये, ही विनंती.