खर्ड्याची दुसरी लढाई

(ऑनलाइन लिलावात जुनी गाडी घेऊ इच्छिणाऱ्या खर्डा व पंचक्रोशीतील रहिवाशांसाठी नियमावली)

मार्च १७९५ मध्ये आमच्या गावाजवळ मराठे आणि निजाम यांची जी लढाई झाली, ती मुळात वसुलीची भानगड होती. पुस्तकात तिच्या शेजारी भाले-तलवारी काढलेल्या असतात, म्हणून ते ध्यानात येत नाही. निजामाकडे चौथाईची मोठी थकबाकी होती. पुण्याहून तगादे गेले, वकील गेले. निजामाचा दिवाण मशीरुल्मुल्क म्हणाला म्हणे, की हिशेब समजावून द्यायला नाना फडणविसांनी स्वतः हैदराबादेस यावं. नाना निघाले, पण सोबत लाखावर फौज घेऊन. निजामअली रातोरात मागे सरकून आमच्या भुईकोट किल्ल्यात शिरला आणि तिथेच कोंडला गेला. तहात सुमारे ३ कोटी रुपये ठरले, दौलताबादचा किल्ला ठरला आणि खुद्द मशीरुल्मुल्काला ओलीस म्हणून पुण्याला नेलं. आजच्या भाषेत, हप्ते थकले आणि फायनान्सवाल्यांनी गाडी ओढून नेली.

पुढचा भाग मात्र गावातले गाइड घाईने उरकतात. त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले, पुण्यात गादीचा घोळ सुरू झाला, आणि १७९६ मध्ये, नानांनी निजामाशी केलेल्या महाडच्या तहापर्यंत, मशीरुल्मुल्क सुटला, खर्ड्याला मिळवलेलं बहुतेक सगळं निजामाला परत गेलं. कागद झाला, सह्या झाल्या, शिक्के बसले, पण माल काही नावावर चढला नाही. गावाचं नावच खर्डा. पक्की प्रत निघायची राहूनच जाते.

या नियमावलीला निमित्त झाले आमचे दाजी. त्यांना कांदा आणि दुधाचे कॅन न्यायला पिकअप हवी होती आणि नवी परवडत नव्हती. एका रात्री मोबाइलवर जाहिरात आली : सैन्याच्या वापरातील वाहनांचा ऑनलाइन लिलाव, सिंगल हँड, कमी चाललेली. दाजींनी अंथरुणातूनच एक लाख चाळीस हजारांची बोली लावली. दहा मिनिटांत अभिनंदनाचा मेसेज, वर उडणारे फुगे. दुसऱ्या दिवशी ते पेढे घेऊन आमच्याकडे आले.

"दाजी, गाडी बघितली का?"

"बघितली की. अकरा फोटो हैत."

"पासिंग कुठलं?"

"सोळा. आपल्याच नगरची है."

"आन् गाडी कुठंय?"

"साह्यबांची बदली लेहला झालीय. ते तिकडं निघाले, गाडी हिकडं निघाली."

पेढे चांगले होते.

कलम १ : शत्रूची ओळख. हा शत्रू गणवेशात येतो. मोबाइलवरच्या त्याच्या फोटोत फौजी टोपी असते. तुम्ही काही विचारण्याआधीच तो स्वतःचं ओळखपत्र, कँटीन कार्ड आणि गाडीचं आरसी बुक पाठवतो. ही सगळी कागदपत्रं कुणा ना कुणा खऱ्या माणसाची असतात. त्या बिचाऱ्यानेही कधीतरी अशीच कुणाला तरी पाठवलेली असतात. आपल्या जिल्ह्यात ही थाप अधिकच खपते, कारण नगरला भिंगारची छावणी आहे, आर्मर्ड कोअरचं केंद्र आहे, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं केंद्र आहे. फौजीची बदली होणं, त्याने गाडी विकायला काढणं, यात कुणाला वावगं वाटत नाही. भाव बाजारापेक्षा निम्मा असतो, आणि "जय हिंद" म्हणणाऱ्या माणसाशी घासाघीस करायला आपल्याला लाज वाटते.

गाडी 'आर्मी ट्रान्सपोर्ट'ने निघते. आधी गेटपासचे २,१५० रुपये लागतात. मग विम्याचे ५,९९९, तेही परत मिळणारे. मग गाडी जामखेडच्या अलीकडे येऊन थांबते, कारण उशिराचा दंड ९,४९९ झालेला असतो. आकड्यांकडे नीट बघा. दोन हजार म्हटलं असतं तर दाजींना शंका आली असती. २,१५० ऐकलं की वाटतं, कुठेतरी पावतीपुस्तक आहे, त्यामागे कारकून आहे, त्याच्यामागे साहेब आहे.

यावर उपाय घरातच आहे. आपल्याकडे गावोगाव चार तरी खरे फौजी असतात, काही सुट्टीवर, काही पेन्शनीत. त्यांच्यापैकी एकाला चहा पाजा आणि तो फोन त्याच्या हातात द्या. "युनिट कोणतं?" या एका प्रश्नावर पलीकडचा सुभेदार बहुधा फोन ठेवतो.

कलम २ : खरा लिलाव कसा ओळखावा. त्याच्या उद्धटपणावरून. बँका, फायनान्स कंपन्या, विमा कंपन्या लिलाव करतात. सरकारी खात्यांच्या आणि सैन्याच्या मोडीत काढलेल्या गाड्याही खरोखर विकल्या जातात, मुख्यतः एमएसटीसी या १९६४ सालच्या सरकारी कंपनीच्या संकेतस्थळावर. तिथे फुगे उडत नाहीत. तिथे जाहीर सूचना असते, यार्डचा पत्ता असतो, पाहणीची तारीख असते, अनामत रक्कम असते, आणि सगळ्या कागदांवर एकच मंत्र असतो : 'जशी आहे, जिथे आहे'. पहिल्या दोन शब्दांचा अर्थ, बॉनेटखाली इंजिन असेलच असं आम्ही कुठे म्हणालो? पुढच्या दोन शब्दांचा अर्थ, क्रेन तुमची. तुमची बोली सगळ्यात मोठी ठरली तरी अभिनंदन कुणी करत नाही, 'मंजुरीस अधीन' असं कळवतात, आणि मंजुरी येईपर्यंत तुम्ही ताटकळता. पैसे बँकेच्या किंवा कंपनीच्या नावाच्या खात्यात जातात. खरा लिलाव तुम्हाला कधीही 'भाऊ' म्हणत नाही.

खोटा लिलाव मात्र 'भाऊ' म्हणूनच सुरू होतो. संकेतस्थळाचं नाव खऱ्यासारखंच, एखादं अक्षर इकडचं तिकडे. पाहणी होत नाही, कारण 'गाडी बाँडेड गोदामात आहे'. अनामत रक्कम कुणाच्या तरी मोबाइल नंबरवर जाते. आणि मुख्य म्हणजे तुमच्याविरुद्ध दुसरं कुणी बोलीच लावत नाही. दाजींना याचं नवल वाटलं नाही. त्यांना वाटलं, लोकांना झोप लागली असेल.

पोलिस ठाण्यासमोर गंजत पडलेल्या बेवारस गाड्यांचाही लिलाव होतो, पण त्या बहुतेक वेळा भंगार म्हणूनच जातात. रस्त्यावर आणायच्या इराद्याने तिकडे जाऊ नये.

कलम ३ ते ५ गाळली आहेत. जुनी गाडी घेणारा माणूस पाचव्या कलमापर्यंत थांबत नाही, असा अनुभव आहे.

कलम ६ : दात मोजणे. हे कलम माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं आहे आणि ते आपल्याला शिकवायचीही गरज नाही. काष्टीच्या शनिवारच्या बाजारात हेच दाजी बैल घ्यायला गेले, तेव्हा मी सोबत होतो. आधी जबडा उघडून दात बघितले : दुदाती, चौदाती की जुळलेला. मग खुरं. मग भोवरे, कोणता शुभ, कोणता घरधन्याला खाणारा. मग पाठीवरून हात फिरवला, बुजतो का बघायला. मग पन्नास पावलं चालवला, परत आणला, पुन्हा चालवला. मालक म्हणाला, "पोरागत वाढवलाय." दाजींनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. भाव उपरण्याखाली बोटं दाबून ठरला आणि पैसे दोर हातात आल्यावर मोजले गेले. या माणसाला काष्टीत कुणी पाच रुपयांनी फसवू शकलं नसतं.

तेव्हा गाडीचेही दात मोजावेत. टायरच्या बाजूला एका लंबगोलात चार आकडे उठवलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. मीटरवर अठरा हजार किलोमीटर आणि टायर तिसरा जोड, असं दिसलं तर गाडी कमी धावलेली नसते, मीटर उलटं धावलेलं असतं. चेसीस नंबर हा गाडीचा भोवरा. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासा, लहानपणी नाण्यावर घासायचो तशी. आकडे एका ओळीत, एका खोलीचे उमटले पाहिजेत. एखादा आकडा ओळ सोडून वर चढला असेल किंवा आसपासचा पत्रा घासून रंगवलेला असेल, तर चहासुद्धा न घेता घरी या. चोरीच्या गाड्यांची चौकशी एनसीआरबीच्या संकेतस्थळावर करता येते.

आणि सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढा. अगदी शेवटपर्यंत, जिथवर तो कधी कुणी ओढत नाही. पुरात बुडालेली गाडी बाहेरून धुतात, सीटचे कव्हर बदलतात, अत्तर मारतात. पट्ट्याच्या शेवटच्या वीतभर भागावरची गाळाची रेघ मात्र राहून जाते. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात कितीतरी गाड्या पाण्याखाली होत्या. दुष्काळी मुलखातला माणूस पट्टा ओढून बघत नाही, हे विकणाऱ्यांना ठाऊक असतं. आता सप्टेंबर २०२५ मध्ये सीनाकाठानेही पूर बघितला आहे, तेव्हा ही विद्या आपल्यालाही येईल.

राहता राहिलं एक वाक्य : 'डॉक्टरांची गाडी आहे.' महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या जुन्या गाड्यांपैकी निम्म्या डॉक्टरांनी वापरलेल्या असतात. इतके डॉक्टर आपल्याकडे असते तर जामखेडच्या दवाखान्यात रांग लागली नसती.

कलम ७ : कागद. गाडीचा नंबर घेऊन एम-परिवहन अॅपमध्ये किंवा वाहन पोर्टलवर बघा : नोंदणी कधीची, विमा आणि फिटनेस कधीपर्यंत, बोजा कुणाचा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ मिळेपर्यंत गाडी तुमची नाही, चालवता तुम्ही आणि मालक बँक. थकलेली ई-चलानंही बघा. ती गाडीबरोबर येतात, जशी सून माहेरची माणसं घेऊन येते. फायनान्सवाल्यांनी ओढलेली गाडी असेल तर फॉर्म ३६, सरकारी जाहीर लिलावातली असेल तर फॉर्म ३२, आणि साध्या व्यवहारात फॉर्म २९ आणि ३०. दुकानदाराकडून घेत असाल तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकृत विक्रेत्याचं प्रमाणपत्र मागा. तो नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहे. कोरे, सही केलेले ट्रान्सफरचे फॉर्म कुणी हातात ठेवले तर कृतज्ञ होऊ नका. ते तुमच्यासारखेच आणखी तिघांना दिलेले असू शकतात. गाडी आपल्या नावावर करण्याचा अर्ज तीस दिवसांत द्यायचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात सांगून टाकलं, की नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताची जबाबदारी त्याच्यावर. म्हणून शहाणा विकणारा तुमच्यापेक्षा जास्त घाई करतो. ज्याला मुळीच घाई नाही, त्याच्याकडे नीट बघा.

कलम ८ : ओलीस. आपल्या भागात आगाऊ पैसे देऊन पस्तावण्याचं शास्त्र जुनं आहे. ऊसतोडीची उचल घेऊन टोळी गायब झाली आणि वाहनमालक कर्नाटकापर्यंत शोधत हिंडला, अशी गोष्ट या पट्ट्यात कुणालाही विचारा. तरीही फोनवरच्या माणसाला आपण उचल देतो. नानांची पद्धत पाळा : मशीरुल्मुल्क आधी ताब्यात, मग बाकीचं बोलणं. गाडी डोळ्यांसमोर, किल्ली हातात, कागद तपासलेले, आणि मगच पैसे, तेही बँकेतून, ज्याच्या नावावर आरसी त्याच्याच खात्यात. पैसे मिळवायला यूपीआयचा पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमचेच जाणार, मग क्यूआर कोडवर तिरंगा का असेना. व्हॉट्सअॅपवर 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाइल आली तर ती उघडू नका. आरटीओला तुमची इतकी काळजी नाही.

कलम ९ : पराभव झाल्यास. १९३० या नंबरवर ताबडतोब फोन करायचा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तर आले, म्हणून पहिला तास मोलाचा. दाजींचे ८,१४९ रुपये गेले होते. तिसरा, उशिराच्या दंडाचा आकडा ऐकल्यावर त्यांना उजाडलं. पण १९३० ला फोन त्यांनी दोन दिवसांनी केला. मधले दोन दिवस ताईला कसं सांगावं, याचा विचार करण्यात गेले. ताईला सांगून झाल्यावर पोलिसांची भीती उरली नाही, असं ते म्हणतात. पैसे परत आले नाहीत.

पुढे महिनाभराने दाजींनी पिकअप घेतलीच, शेजारच्या गावातल्या एका दूधवाल्याकडून. या वेळी मी सोबत होतो. टायरचे आकडे वाचले, चेसीसवर पेन्सिल घासली, पट्टा शेवटपर्यंत ओढला, पन्नास पावलं सोडून थेट जामखेडपर्यंत चालवली. पैसे किल्ली हातात आल्यावर दिले. गाडी झकास आहे, रोज कांदा वाहते. नावावर मात्र अजून झालेली नाही. तीस दिवसांपैकी आज सत्ताविसावा दिवस आहे.

दाजी, हे वाचत असाल तर उद्या सकाळच्या एसटीने नगरला निघा.