पोषण आहार मिळवण्याची शास्त्रोक्त पद्धत (पारनेर तालुक्यातील सूनबाईंसाठी)

पोषण आहाराची तयारी दिवस गेल्यावर सुरू करून भागत नाही. ती लग्न ठरतानाच करावी लागते. पत्रिका बघायला बसलेल्या वडीलधाऱ्यांनी त्याच बैठकीत मुलीचं आधार कार्ड, शाळेचा दाखला आणि पासबुक यांवरची तिन्ही नावंही जुळवून घ्यावीत. छत्तीस गुण जुळले, पण ‘सुनीता’तला ‘नी’ एका कागदावर ऱ्हस्व निघाला, तर संसार होईल, हप्ता होणार नाही. लग्नानंतर नाव बदलावं की नाही हा स्त्रीमुक्तीचा विषय आहे असं शहरात समजतात. मुळात तो आधार केंद्राचा विषय आहे.

मग मोबाईल. आधारला जोडलेला नंबर बहुधा वडिलांचा असतो आणि ते सिम रिचार्जवाचून कधीच वारलेलं असतं. नाहीतर तो मालकांचा. मालक सुपा एमआयडीसीत पहिल्या पाळीला, फोन गेटवर जमा. इकडे अंगणवाडीत ताई पोषण ट्रॅकर उघडून तुमचं केवायसी करतायत आणि ओटीपी तिकडे गेटवर वाजतोय. ओटीपीचं आयुष्य दहा मिनिटं, पाळी आठ तासांची. तेव्हा मुलगा बघताना त्याची सुट्टी कोणत्या वारी असते हे जरूर विचारावं. (लाडक्या बहिणीचं केवायसी झालंय म्हणून निर्धास्त राहू नये. ते बहिणीचं, हे आईचं.)

१ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी ताईंच्या मोबाईलपुढे डोळे मिचकावून चेहरा पटवणंही सक्तीचं झालं आहे. बाळ तीन वर्षांच्या आतलं असेल तर चेहरा आईचा लागतो. त्यामुळे बाळाच्या गालावरची तीट पुसायची गरज नाही, सासूबाईंना तसं सांगून ठेवावं. मात्र नोंदणीच्या दिवशी जो चेहरा दिला, तोच दर महिन्याला घेऊन जायची जबाबदारी तुमची. तिसऱ्या महिन्यात कोरड्या उलट्यांनी उतरलेला चेहरा नोंदवला असेल, तर पुढे आहार बेतानेच खावा. अंगाने भरलात आणि मोबाईलला ओळख पटली नाही, म्हणजे योजना यशस्वी झाली आणि पाकीट अडकलं.

आजेसासूबाई इथे मध्ये बोलतील. बहात्तरच्या दुष्काळात कामावर सुकडी मिळायची, ती फडक्यात बांधून घरी आणायची, चेहरा कुणी विचारला नाही, असं त्या सांगतील. त्यांना आणखी थोडं बोलतं करावं. मस्टरवर न आलेल्या माणसांची नावं कशी लागायची, तेही मग त्याच सांगतील. चेहऱ्याचं खूळ आकाशातून पडलेलं नाही. फक्त खोटी नावं लिहिणारे एक आणि उन्हात डोळे मिचकावून दाखवणाऱ्या दुसऱ्याच, एवढाच काय तो फरक.

ताईंशी भांडू नये. २०२१ साली राज्यातल्या सेविकांनी नीट न चालणारे सरकारी मोबाईल गोळा करून सरकारला परत केले होते. म्हणजे तुमचा राग त्यांनी आधीच काढून झालाय. त्यांच्या संपाचा अंदाज घेऊन मात्र दिवस जाऊ द्यावेत. डिसेंबर २०२३ मध्ये अंगणवाड्यांना कुलूप लागलं, ते जानेवारी निम्मा उलटला तरी निघालं नव्हतं.

सगळ्यात अवघड घाट माहेरचा. आपल्याकडे सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं आणि लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते. समजा माहेर जुन्नरचं. आता नाव पारनेरात, पोट जुन्नरात, पासबुक सासूबाईंच्या पत्र्याच्या पेटीत. ट्रॅकरमध्ये स्थलांतराची सोय आहे, नाही असं नाही. पण इथल्या ताईंनी सोडायचं आणि तिथल्या ताईंनी घ्यायचं, हा कार्यक्रम मुलीच्या पाठवणीपेक्षा लांबतो. शेवटी भाऊ मोटारसायकलवर पाकीट आणायला येतो आणि त्याचा चेहरा बहिणीसारखा नसतो.

पैशांचं थोडक्यात. २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा म्हणतो, आईला किमान ६००० रुपये. मातृ वंदना योजना पहिल्या बाळाला देते ५०००: आधी ३०००, बाळाची जन्मनोंद आणि पहिल्या लसी झाल्यावर २०००. उरलेले जननी सुरक्षा योजनेतून धरून सरासरी ६००० होतात, असं सरकारचं गणित. त्या योजनेत आपल्याकडे खेड्यातल्या बाईला दवाखान्यातल्या बाळंतपणाचे मिळतात ७००, तेही दारिद्र्यरेषेखालची किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर. उरलेले ३०० सरासरीत राहतात. तिथे ते सुरक्षित आहेत. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर मात्र एकदम ६०००. मुलगीच आहे ना, हे आधी तपासायला गेलात तर १९९४ चा कायदा आहे. सबब ही अट नवसाने पूर्ण करावी.

एवढं पार पडलं की आहार मिळतो. गरोदर आणि स्तनदा मातेला रोज ६०० उष्मांक, १८ ते २० ग्रॅम प्रथिनं, वर्षातले ३०० दिवस. उरलेले ६५ दिवस बाळाला पोटात सुट्टी असते.

आता शेवटची पायरी, जी ट्रॅकरमध्ये नाही. आधार, ओटीपी, डोळ्यांची उघडझाप, सगळं पाकीट हातात पडेपर्यंत. उंबऱ्याच्या आत कुणी चेहरा बघत नाही. पाकीट चुलीपाशी उघडतं. त्याचा शिरा होतो. आधी सासरे, मग मालक, मग शाळेतून आलेला धाकटा दीर, मग नणंद तिच्या पोराला घेऊन आलेली असते. सूनबाई पातेलं खरवडते. कडू लागलं तर सगळं शेळीला, आणि तेव्हा मात्र सगळ्यांचं एकमत होतं. यावर उपाय एकच: पाकीट डब्यात घालावं, डब्याला कुलूप लावावं, आणि किल्ली मंगळसूत्रात ओवावी. कुणी विचारलंच तर सांगावं, सरकारचा नियम आहे, नाहीतर पुढचा हप्ता थांबतो. एवढं ऐकल्यावर सासरेसुद्धा डबा खाली ठेवतात.