जहाजाची डीपी कुठाय?

युद्धनौका नौदलात दाखल झाली की दुसऱ्या दिवशी पेपरात क्षेपणास्त्राचा फोटो येतो, तोफेचा येतो, पाहुण्यांचा तर येतोच. केबलीचा फोटो कुणी छापत नाही. त्यामुळे जहाजबांधणीतल्या ज्येष्ठ विद्युत अभियंत्याला लग्नाकार्यात एकच प्रश्न पुरून उरतो : "म्हणजे तुम्ही नेमकं करता काय?" मुंबईकर हे विचारतो खरा, पण उत्तर संपायच्या आत ब्रह्मोसच्या पल्ल्याकडे वळलेला असतो.

आता समजा, असा एक साहेब अंतरवाली सराटीचा आहे. नोकरी माझगाव डॉकमध्ये, शेत अंबड तालुक्यात. पूर्वी गाव सांगताना आधी जालना, मग शहागड, मग गोदावरी असा सगळा नकाशा हवेत काढावा लागे. 29 ऑगस्ट 2023 ला मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी तिथं उपोषणाला बसले आणि ते काम वाचलं. समुद्र मात्र गावापासून होता तेवढाच लांब राहिला. तरीही सुट्टीत गावच्या पारावर बसल्यावर तिथल्या आबांचा पहिला प्रश्न मुद्द्याचाच येतो.

"तुमच्या जहाजाची डीपी कुठाय?"

डीपी, म्हणजे गावाला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, जहाजाला नाही. धक्क्याला असताना किनाऱ्यावरून वीज घेता येते. दोर सुटले की जहाजाचे जनरेटर आणि जहाजाचं नशीब. माझगाव डॉकनं बांधलेली, 2021 मध्ये दाखल झालेली 'आयएनएस विशाखापट्टणम' 163 मीटर लांब आणि सुमारे 7,400 टनांची. तिच्यावर रडार, सोनार, पंप, पंखे आणि भटारखाना असं सगळं विजेवर चालतं. एक तडाखा बसला म्हणून सगळीकडं अंधार व्हायला नको, यासाठी जनरेटर वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतात. महत्त्वाच्या यंत्राला दोन वाटांनी वीज नेतात. एक वाट तुटली की दुसरी आपोआप जोडली जाते. मुंबईच्या पाहुण्याला एवढं समजवायला कागद-पेन्सिल लागते.

"म्हंजे ह्या डीपीवरची गेली की त्या डीपीवरून घ्यायची," आबा म्हणतात. "आम्ही इतकी वर्षं दुसरं काय करायलोत? फक्त आमचं आपोआप होत नाही, पोराला झोपेतनं उठवावं लागतं."

शेतीपंपाला तीन फेज कधी दिवसा आठ तास, कधी रात्री दहा तास. या पाळ्यांनी मराठवाड्यात जे विद्युतशिक्षण झालंय, ते कुठल्या कॉलेजात होत नाही. एक फेज गेली की मोटार जळते, हे इथं पोरासोरांना ठाऊक. घोडं अडतं ते फक्त अर्थिंगवर.

"खड्डा कुठं खांदता? मीठ-कोळसा टाकता का?"

मीठ भोवती समुद्रभर, खड्ड्यालाच जागा नाही. जहाजाचं पोलादी अंगच जमीन मानायचं आणि न्यूट्रल मुद्दाम त्याला न जोडता ठेवायचा. असं केलं की एखादी तार कुठं अंगाला टेकली तरी वीज बंद पडत नाही, नुसती सूचना मिळते. दुसऱ्या फेजची तार टेकली तर मात्र शॉर्ट. म्हणून पहिली सापडेपर्यंत साहेब इन्सुलेशन तपासायचा मेगर घेऊन हिंडतो आणि जेवण गार होतं.

पोलादाचं नाव निघताच सळयांच्या कारखान्यांमुळे जालनेकराची छाती फुगते. "सळई आपल्याकडची का?" नाही, युद्धनौकेला डीएमआर 249 ए नावाचं खास पोलाद, तेही भारतीय. पण पोलाद म्हटलं की चुंबकत्व आलं आणि ते ओळखून फुटणारे सुरुंग आले. जर्मनांचा असा एक सुरुंग नोव्हेंबर 1939 मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर चिखलात सापडला आणि त्याची मेख कळली. तेव्हापासून जहाजात केबलींची वेटोळी फिरवून, त्यांतून वीज सोडून हे चुंबकत्व दडपतात. लाखमोलाची केबल आणि तिच्यावर एक दिवा लागत नाही, हे ऐकून पार गप्प होतो.

पाणबुडीनं तो पुन्हा बोलका होतो. 'कलवरी' वर्गाच्या पाणबुडीत बॅटरीचे 360 सेल, प्रत्येकी 750 किलोचा. हिशेब 270 टनांवर जातो. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो, तो वेळेवर बाहेर काढावा लागतो. "ट्रॅक्टरच्या बॅटरीलाही तेच," कुणीतरी सांगतं. बरोबरच आहे, फरक इतकाच की ट्रॅक्टर पाण्याखाली नसतो.

वय वाढलं तसा साहेबाच्या हातातला पाना गेला आणि भांडण आलं. छताखालची वीतभर जागा पाइपवाल्यालाही हवी, हवेच्या डक्टवाल्यालाही आणि केबल ट्रेलाही. बांधाच्या भांडणासारखंच, फक्त इथं तलाठ्याऐवजी ड्रॉइंग. पाइप आणि डक्ट सहजी वाकत नाहीत, केबल वाकते, म्हणून बहुतेक वेळा माघार केबलीची. शिवाय जलरोधक भिंतीतून ती जिथं जिथं आरपार जाते, तिथलं प्रत्येक भोक पाणी शिरणार नाही असं बुजवायचं. मग बंदरातल्या चाचण्या, मग समुद्रातल्या. त्यात दिवे लागले तर कुणी टाळ्या वाजवत नाही. गेले तर मात्र सगळं जहाज साहेबाला नावानं ओळखतं.

4 डिसेंबरच्या नौदल दिनाच्या आगेमागे मुंबईत युद्धनौका लोकांना पाहायला खुल्या करतात. गेलात तर तोफ अवश्य बघा. मग आत शिरल्यावर एकदा मान वर करून छतालगतच्या केबलीही बघा, आणि शेजारी कुणी बिल्ला लावलेला इंजिनिअर उभा असेल तर त्याला क्षेपणास्त्राचा पल्ला विचारू नका. डीपी विचारा.