काटेकाका

"शिगोशीग की सपाट?"

मी चहात साखर घालत होते. माझ्याच घरात, माझ्याच चमच्याने. पाहुण्याने अशा वेळी पेपरात तोंड घालून बसावं, निदान पंख्याकडे तरी बघावं. पण काटेकाका ओट्याशी येऊन उभे होते आणि त्यांची नजर चमच्यावर होती.

"दोन चमचे," मी म्हटलं.

"ते झालं हो वहिनी. पण शिगोशीग की सपाट? सपाट चार ग्रॅम, शिगोशीग साडेसहा. फरक अडीच. दोन चमचे, दोन वेळचा चहा, म्हणजे दिवसाला दहा ग्रॅम. वर्षाला तीन किलो साडेसहाशे. एवढी साखर तुमच्या घरात जाते आणि तुम्हाला पत्ता नाही!"

त्या दिवशी चहा अळणी लागला. साखर तेवढीच होती.

काटे हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव लेटरबॉक्सवर आहे, पण ते आता पोस्टमनही वाचत नाही. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत जुन्या टॉवेलात गुंडाळलेला इलेक्ट्रॉनिक काटा. लोक देवदर्शनाला जाताना फुलं नेतात, हे कुणाकडे जेवायला जाताना काटा नेतात. तुमच्याही इमारतीत असा एखादा असेलच. काटा नसेल जवळ, थर्मामीटर असेल, नाहीतर शिट्ट्या मोजायची वही असेल. जात तीच. आणि ही जात पंचविशीच्या सुनेपासून ऐंशीच्या आजींपर्यंत सगळ्यांना 'वहिनी' म्हणते.

काका वजनमापे खात्यात ३३ वर्षं होते. दुकानदाराचं लोखंडी वजन उलटं करून त्याच्या बुडातल्या शिशावरचा शिक्का बघायचा, हे त्यांचं आयुष्य. त्यांना बघून बाजारपेठेतले भलेभले वाणी म्हणे गल्ल्यावरून उठून उभे राहत. देशात मेट्रिक वजनं १९५८ सालापासून यायला लागली. आमच्या सोसायटीत ती २०१९ साली आली, काका निवृत्त झाले तेव्हा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी घरच्या स्वयंपाकघराची तपासणी केली आणि ते ताब्यात घेतलं. काकूंनी विरोध केला नाही. "बत्तीस वर्षं मी रांधलं, कुणी पावती मागितली नाही. आता यांचं चालू दे," असं म्हणून त्या भजनी मंडळात गेल्या, त्या अजून तिथेच आहेत.

सोसायटीच्या सत्यनारायणाचा किस्सा आता नव्या भाडेकरूंनाही सांगितला जातो. गुरुजींच्या यादीत प्रसादाला सव्वा पावशेर रवा, तेवढीच साखर, तेवढंच तूप. तळमजल्यावरच्या वहिनी पिशवीतून रवा ओतणार, तोच काका पुढे झाले. "पावशेर म्हणजे अडीचशे ग्रॅम नव्हे! शेर ऐंशी तोळ्यांचा, तोळा ११.६६ ग्रॅमचा. पावशेर झाला २३३. सव्वा पावशेर म्हणजे २९१ आणि वर थोडे पॉइंट." पूजा कलशापर्यंत आली होती. गुरुजी समजूत घालायला म्हणाले, "अहो, देवाला भाव महत्त्वाचा."

"भाव वाण्याला विचारा," काका म्हणाले, "मी वजनाचं बोलतोय."

मग केळं सालीसकट मोजायचं की सोलून, यावर पाऊण तास गेला. साधुवाण्याची नौका तोवर काठाला लागून परत बुडाली असती. प्रसाद मात्र झकास झाला होता. तो सगळ्याच घरी झकास होतो. प्रसादाचा शिरा बिघडलेला मी तरी कधी खाल्लेला नाही. पण काकांनी श्रेय २९१ला दिलं.

पाककृतींच्या पुस्तकांशी त्यांचं नातं वेगळंच. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली आली, तेव्हापासून किती सुनांच्या माहेरच्या ट्रंकेत गेली असेल देव जाणे. तिच्यात वाटीचं, चमच्याचं माप असतं म्हणून काका बाईंना मानतात. पण मानतात म्हणजे सोडतात असं नाही. "वाटी कुठली?" म्हणत ते आमच्याकडे आले आणि फडताळातून चार वाट्या काढून त्यांनी ओट्यावर रांगेत उभ्या केल्या. एक रुखवतातली, एक सासूबाईंचं नाव घातलेली, एक बारशात आलेली आणि एक कुणाच्या तरी डब्याबरोबर आली ती राहिलीच. चारींत पाणी भरून मोजलं. सगळ्यात लहान १४० ग्रॅमची निघाली, सगळ्यात मोठी २१०ची. "म्हणजे तुमच्या घरात चार राज्यं आहेत," काका म्हणाले, "आणि चारींचं चलन वेगळं!" 'रुचिरा'च्याही आधीचं, लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' १९१० सालचं, म्हणजे शेर-तोळ्यांच्या काळातलं. ते हाती आल्यावर काका आठवडाभर कुणाला भेटले नाहीत. तोळ्यांचे ग्रॅम करत बसले होते.

पण त्यांचा खरा वैरी 'चवीपुरतं मीठ'. हे दोन शब्द दिसले की ते पुस्तक मिटतात, चष्मा काढतात, पुसतात. "कुणाच्या चवीपुरतं? कायद्यात असं एकक नाही." फोडणीला 'तेल बेताचं', पीठ 'मावेल तेवढं', भाजणी 'खमंग वास सुटेपर्यंत', हे सगळे त्यांच्या लेखी फरार आरोपी. मी एकदा थालीपिठाला पाणी किती म्हणून सांगताना 'पीठ मागेल तेवढं' म्हणून गेले. काकांनी परातीकडे असं पाहिलं, की पीठ आता खरंच काहीतरी मागणार आणि आपण त्याची लेखी नोंद घेणार.

एक कबुली मात्र द्यायला हवी, आणि ती मी घाईघाईत देऊन टाकते. केकच्या बाबतीत काटेकाका बरोबर आहेत.

माझा केक मधोमध बसतो. वाळूच्या कुकरात केला तरी बसायचा, ओव्हन घेतला तरी बसतो. इतकी वर्षं बसतोय, की तो खड्डा केकचाच भाग असतो असं माझ्या मुलांना वाटायचं. शेजारच्या वाढदिवसाचा केक बघून धाकटा म्हणाला होता, "आई, त्यांचा केक सुजलाय." मी दोष मैद्याला दिला, विजेला दिला, गॅसवाल्याला दिला. काकांनी मला फक्त तीनदा वाटीभर मैदा घ्यायला सांगितला. एकदा चाळून हलक्या हाताने भरला, एकदा डब्यातून तसाच, एकदा दाबून. वाटी तीच. वजन १२० पासून १५०पर्यंत. मग माझी सोड्याची चिमूट मोजायला त्यांनी दुसरा काटा काढला, सोनाराकडे असतो तसला. पहिली चिमूट अर्धा ग्रॅम, दुसरी सव्वा. "सोडा जास्त झाला की केक धावत वर येतो, आणि धरायला कुणी नाही म्हणून खाली बसतो," ते म्हणाले. मग हळूच, "आमच्या खात्यातही असे होते काही."

त्यांनी सांगितल्या वजनाने मी रव्याचा केक केला. सपाट आला. वर सोनेरी, आत जाळीदार, बोट लावलं की दबून परत वर येणारा. घरात सगळ्यांनी खाल्ला आणि धाकटा, आता बावीस वर्षांचा घोडा, म्हणाला, "चांगलाय. पण तो खड्ड्यात साय घालून खायचो तशी मजा नाही." हे मी काकांना सांगितलेलं नाही.

दिवाळीत काका नानकटाई करतात. आमच्या लहानपणी ती घरी होत नसे. मैदा, पिठीसाखर आणि तुपाचा डबा घेऊन आई मला बेकरीत पाठवायची. भट्टीवाला आपलं तूप काढून घेईल म्हणून तिथेच पहारा द्यायचा, घामाघूम व्हायचं आणि पत्र्याच्या डब्यात गरम नानकटाया घेऊन यायचं. त्यात एखादी कडेला करपलेली असायची, एखादी भसाड्या आकाराची. मोठी कुणाला, यावरून आम्हा भावंडांत मारामाऱ्या. काकांची नानकटाई प्रत्येकी २२ ग्रॅम. एकीपेक्षा दुसरी तसूभर मोठी नाही. सोसायटीतली मुलं शांतपणे दोन-दोन उचलून निघून जातात. त्या माणसाने भांडायला जागाच ठेवलेली नाही.

तर असं हे प्रस्थ. आता हे सगळं ज्या घरात चालतं, त्याच घरात त्यांची आई राहते. वय ८९. उंची बेताची, तीही कुणी मोजलेली नाही. आजींचं अख्खं आयुष्य अंदाजावर गेलं. चिपटं, मापटं, पायली ही त्यांची मापं, पण तीही धान्य मोजून कोठीत टाकताना. रांधताना मूठ. खिचडीला माणशी एक मूठ तांदूळ, वर एक देवाची. म्हणजे अवचित कुणी दारात आलं तर त्याची. डाळ तांदळाच्या निम्मी, हळद बोटाला लागेल तेवढी, पाणी तांदळावर बोटाची दोन पेरं. वजनमापे खात्याच्या माणसाला जन्म देऊन त्याला ह्या असल्या बेकायदा मापांवर वाढवणारी ही बाई. आठवड्यातून एकदा त्या ओट्याशी उभ्या राहून खिचडी करतात, आणि त्या दिवशी काकांची सत्ता बाजूला सरते.

गेल्या पावसाळ्यात मला ताप आला. तिसऱ्या दिवशी दार वाजलं, बाहेर कुणी नव्हतं, पायपुसण्यावर स्टीलचा डबा. झाकणावर चिकटपट्टीने लावलेली चिठ्ठी, अक्षर सरकारी: 'मुगाची खिचडी. ४१० ग्रॅम (डबा वगळून). तूप १० ग्रॅम, वरून घेणे.' सोबत औषधाच्या रिकाम्या बाटलीत मोजून दहा ग्रॅम तूप. मी अंथरुणात बसून ती सगळी, म्हणजे चारशे वीसच्या चारशे वीस ग्रॅम खाल्ली. मऊ, किंचित चिकट, मध्येच एखादा मिरीचा दाणा. चवीपुरतं मीठ.

बरी झाल्यावर डबा परत करायला गेले. रिकामा कसा द्यायचा, म्हणून आत चार बेसनाचे लाडू. (त्यांनी ते मोजले. चारींत दहा ग्रॅमचा फरक होता. बोलले नाहीत, फक्त सर्वांत मोठा आजींना दिला.) मी विचारलं, काका, खिचडीचं प्रमाण द्या ना. ते खूश होऊन आतून वही घेऊन आले. लाल कापडी पाठीची, खात्यातली असावी. पान उघडून माझ्यापुढे ठेवलं आणि चष्मा शोधायला गेले.

पानाच्या वर 'आईची मूठ (तांदूळ)'. खाली तारखा आणि आकडे. गणपती २०१९, ५२. त्या वर्षीची दिवाळी, ५२. मग ५१, मग मधे बराच काळ ४९. दिवाळी २०२१, ४७. पुढे तारखा जवळजवळ येत गेल्या होत्या, आधी सणासुदीच्या, मग महिन्याच्या, मग दर आठवड्याच्या. ४३. ४१. ४१. ३९. शेवटचा आकडा गेल्या गुरुवारचा, ३६. त्याच्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह.

"आजी, मूठ लहान करता की काय तुम्ही हल्ली?" मी उगीच काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"मूठ ती मूठ!" आजी म्हणाल्या. "ती काय वाढते-घटते? हाच मेला तिच्याखाली तबकडी धरून बसतो."

काका चष्मा लावून आले. वहीकडे न बघता म्हणाले, "मला काट्याचीच शंका येते, वहिनी. बॅटरी बदलून पाहिली. पण उतार दाखवतोय." मग जरा थांबून, "तुमच्याकडे आहे का एखादा? ताडून बघायला?"

होता. मागच्या दिवाळीत घेतला होता, आणि काकांना दिसू नये म्हणून डाळींच्या डब्यांमागे ठेवला होता. मी तो खाली घेऊन आले. त्यांनी हसायला हवं होतं. हसले नाहीत. काटा ओट्यावर ठेवला, सपाट आहे का ते पाहिलं, वर पातेलं ठेवून शून्य केला. आजींनी पिंपातून तांदूळ घेतले आणि मूठ पातेल्यावर धरून सोडली. काही दाणे बोटांच्या फटींतून आधीच पिंपात परत पडले होते.

३६.

काकांनी काट्याला टिचकी मारली. परत शून्य केला. "आई, पुन्हा एकदा."

"अरे, किती वेळा तेच तेच! तिकडे ती भजनातून भुकेलेली येईल." पण त्यांनी पुन्हा मूठ भरली, या वेळी चांगली दाबून, शिगोशीग. ३६.

"तुमचाही बिघडलाय," काका म्हणाले.

"हो," मी म्हटलं, "स्वस्तातला आहे."

आजींनी आणखी दोन मुठी टाकल्या, तिघांच्या तीन आणि देवाची एक, आणि हिंगाची डबी शोधायला फळीकडे वळल्या. काकांनी मिसळणाच्या डब्यामागून एक छोटी वाटी काढली. तिच्यात तांदूळ आधीच काढून ठेवलेले होते. आवाज न करता त्यांनी ते पातेल्यात सोडले, हाताने सारखे केले आणि वाटी पालथी घालून ठेवली.

मुठीमागे सोळा, चार मुठी. चौसष्ट ग्रॅम. हिशेब मी जिना चढताना केला.