साडेपंचवीस इंच, पाच सूत

इलेक्ट्रिक गिटारला पोट नसतं, ही गोष्ट मुरबाड तालुक्यात कुणाला पटवून देणं महाकठीण. आमच्याकडे वाद्य म्हटलं की आत पोकळी हवी. ढोलकी पोकळ, तंबोरा पोकळ, तारपा तर मुळात सुकवलेला भोपळाच. तिथे पावणेदोन इंच जाडीची भरीव फळी दाखवून ‘ही गिटार’ असं म्हटलं, की समोरचा माणूस आधी फळीकडे बघतो, मग माझ्याकडे आणि शेवटी माझ्या बायकोकडे. तिच्याकडे बघताना त्याची नजर जरा हळवी होते.

मी राहतो शहापुरात, सासुरवाडी मुरबाडची. मधे किन्हवली, सरळगाव. रोज आसनगावहून लोकल पकडायची, संध्याकाळी त्याच लोकलने परत, असं आयुष्य. त्यात गिटार वाजवण्याचं खूळ लोकांनी सहन केलं असतं. पण सुटे भाग जमवून गिटार बांधायची म्हटल्यावर घरात बैठक बसली.

“तेवढ्या पैशांत तयार मिळते ना?” हा वडिलांचा पहिला प्रश्न.

मिळते. पण ही गिटार जन्मालाच आली ती सुट्या भागांत. ती काढणारे लिओ फेंडर अमेरिकेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. मला तर यात फार मोठा दिलासा वाटतो. त्यांनी 1950 साली भरीव फळीची गिटार बाजारात आणली आणि तिची नेक, म्हणजे तारांखालची लांब दांडी, सरसाऐवजी चार स्क्रूंनी बसवली. नेक खराब झाली तर चार स्क्रू काढायचे, दुसरी लावायची. 1954 साली स्ट्रॅटोकास्टर आली, तीही याच पद्धतीची. मग 1972 पासून लॅरी डिमार्झिओने नुसते पिकअप, म्हणजे तारांची थरथर टिपणारे भाग, विकायला काढले आणि पाठोपाठ सुट्या भागांचा एक वेगळा धंदाच उभा राहिला. एडी व्हॅन हेलनने 50 डॉलरची बॉडी आणि 80 डॉलरची नेक जोडून जी गिटार केली, तिने पुढे रॉकचा नूर पालटला.

वडिलांवर याचा काही परिणाम होईना, तेव्हा मी हुकमाचं पान काढलं. क्वीन बँडचा ब्रायन मे. त्याने 1963 साली वडिलांच्या मदतीने घरच्या घरी गिटार बांधायला घेतली. शेकोटीवरची जुनी फळी, मोटारसायकलच्या स्प्रिंगा, आईच्या विणकामाच्या सुईचं टोक असं जे हाताला लागेल ते वापरलं, आणि पुढे मुख्यतः तीच गिटार वाजवत आला. शिवाय त्याच क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी शिकला आपल्या पाचगणीला. म्हणजे सातारा जिल्ह्याचा या कामाला हातभार लागून गेला आहे, ठाणे जिल्ह्याने का मागे राहावं?

वडिलांनी शांतपणे विचारलं, “तेव्हा त्या मुलाचं वय काय होतं?”

“सोळा.”

“तुझं काय आहे?”

बैठक तिथेच संपली.

नेक, ब्रिज, खुंट्या आणि पिकअप बाहेरून मागवले. पार्सलचा माग मोबाइलवर दिसत होता. ‘शहापूरला पोचलं’ असा निरोप आला म्हणून कुरियरच्या कचेरीत गेलो, तर पार्सल पोचलं होतं ते बेळगावच्या शहापुरात. तिथून ते निघालं आणि यादगीर जिल्ह्यातल्या शहापूरला गेलं. पत्त्यावर 421601 हा पिनकोड ठळक छापलेला होता, पण कुरियरवाल्यांचा आकड्यांपेक्षा नावावर विश्वास. सीमाप्रश्नाची एवढी झळ मला आधी कधी लागली नव्हती. अखेर खोकं घरी आलं. आईने त्यातून मेपलची ती सडसडीत नेक उचलून पाहिली. म्हणाली, “एवढ्या लांबून काठी मागवलीस? मागे बांबूचं बेट आहे की.”

सासरे निवृत्त मास्तर. त्यांचा मुद्दा वेगळाच होता. “जावईबापू, तारपाही सुट्या भागांचाच. भोपळा वेलावरचा, बांबू बेटातला, मेण पोळ्यातलं. पण त्याला कुरियर लागत नाही.” यावर उत्तर नसल्यामुळे मी मिरजेच्या सतारीकडे वळलो. तिलाही भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, तरी 2024 साली भौगोलिक मानांकन मिरजेलाच मिळालं, असं मी म्हणालो. सासऱ्यांनी मान डोलावली. मुद्दा पटला म्हणून नव्हे, जावई असल्यामुळे.

पण लाकूड दिलं ते त्यांनीच. जुनं घर उतरवून स्लॅबचं घर बांधताना माळ्याच्या सागाच्या फळ्या निघाल्या होत्या. नेक हातात आल्यावर त्यांनी एक डोळा मिटून तिच्या कडेवरून नजर टाकली, उलटी करून टिचकी मारली, म्हशाच्या जत्रेत बैल पारखावा तशी. “सरळ आहे,” म्हणाले. गिटार बांधणारे कारागीरही नेक अशीच पाहतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

सरळगावकडचे सुतारकाका हे या कथेचे खरे नायक. मी छापलेला आराखडा घेऊन घाबरत घाबरत गेलो होतो. हल्लीचे इंजिनीअर मिलिमीटरमध्ये बोलतात म्हणून काकांचा जीव वैतागलेला. त्यांनी आराखडा घेतला, पेन्सिल कानामागून काढली आणि आकडे वाचू लागले. बॉडीची जाडी पावणेदोन इंच. नेक बसते त्या खाचेची खोली पाच सूत (इंचाला आठ सूत). खाचेची रुंदी दोन इंच दीड सूत. तारेची लांबी साडेपंचवीस इंच. कॅलिफोर्नियात ठरलेलं एकूण एक माप सरळगावच्या फूटपट्टीवर जसंच्या तसं उतरत होतं, एका आकड्यालाही भागाकार लागला नाही. काकांचा चेहरा उजळला.

“हा माणूस सुतार होता का हो?”

“नाही काका, रेडिओवाला.”

“मग त्यानं सुताराला इचारलं असंल.”

नेकच्या खाचेसाठी मी मशीन सुचवलं. काकांनी पटाशी घेतली. अर्धा सूत उरला की पटाशी बाजूला, पॉलिशपेपर हातात. नेक घालून बघायची, काढायची, पेन्सिलचा काळा डाग जिथे उठला तेवढंच खरवडायचं, पुन्हा घालायची. दोन चहा झाले. शेवटी त्यांनी नेक खाचेत दाबली आणि नुसती नेक धरून अख्खी फळी उचलली. फळी लोंबत राहिली, पडली नाही. एकही स्क्रू लावलेला नव्हता. नामांकित कारागीर हीच कसोटी लावतात. काका म्हणाले, “आता स्क्रू कशाला?” मी म्हटलं, लिओ फेंडरचा मान राखायला.

ब्रिजची जागा ठरवताना मात्र ते गंभीर झाले. वरच्या पट्टीपासून बाराव्या फ्रेटपर्यंत पावणेतेरा इंच, आणि तिथून ब्रिजवरच्या टेकूपर्यंत पुन्हा पावणेतेरा. बारावी फ्रेट म्हणजे तारेचा बरोबर मध्य, तिथे दाबलं की वरच्या सप्तकातला तोच स्वर. इथे सूतभर चूक झाली तर गिटार जन्मभर बेसूर. काकांनी माप तीनदा घेतलं आणि चौथ्यांदा माझ्याकडून घेववलं. चुकलंच तर जबाबदारी कुणाची, हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं.

साग निवडण्यात एकच अडचण, वजन. परदेशात या बॉडीला अल्डर नावाचं हलकं लाकूड वापरतात, बॉडी दोनेक किलोत होते. आमची जवळपास तीन किलोंची झाली. वर नेक आणि लोखंड. पट्टा खांद्यावर घेतला की भजनातला वीणेकरी किती सोशिक माणूस असतो ते कळतं.

एका पिकअपची तार जोडताना तुटली. मुरबाडमध्ये शेतपंपाच्या जळक्या मोटारी भरून देणारे वाइंडरभाऊ आहेत, त्यांच्याकडे नेला.

“किती एचपी?”

“एचपी नाही भाऊ. हा फिरत नाही.”

“फिरत नाही तर वाइंडिंग कशाला?”

मी समजावलं: आत चुंबक, त्याभोवती तांब्याची तार. वर पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये वीज तयार होते. फॅरेडेने 1831 साली सांगितलेलंच तत्त्व.

“म्हणजे डायनामो,” भाऊ म्हणाले आणि विषय संपवला. मी वाचलेल्या तमाम पुस्तकांपेक्षा हे एका शब्दात बसलं होतं.

तार 42 गेजची, वेढे आठेक हजार. एवढी बारीक तार पंपाच्या दुकानात कुठली? ती मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून आणली. भाऊंनी श्वास रोखून कॉइल भरली, मीटर लावला. सहा किलो-ओहमच्या आसपास. “पाणी गेलं नाही तर सहा महिन्यांची ग्यारंटी.”

गिटार ॲम्प्लिफायरला जोडली आणि घरात ‘हूंऽऽ’ सुरू झालं. घरातल्या विजेची 50 सायकलची गुणगुण एकेरी कॉइल प्रेमाने गोळा करते. यावर गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने 1955 साली तोड काढली. शेजारी शेजारी दोन कॉइल, एकीचे वेढे उलटे, चुंबकही उलटा. गुणगुण आपसांत कटते, सूर तेवढा उरतो. भाऊंनी आधी वेगळंच विचारलं, “घराला अर्थिंग आहे?” आमच्या घराचं अर्थिंग म्हणजे बोर्डावरचं तिसरं भोक, त्याच्या मागे काही नाही. मग अंगणात खड्डा खणून कोळसा आणि मीठ भरलं, तार खाली नेली. तारांना हात लावला की गुणगुण बरीचशी बसू लागली. मिठाचे पैसे गिटारच्या खर्चात धरायचे की घरखर्चात, यावर अजून एकमत नाही.

रंग आसनगावला हायवेलगत टेम्पो रंगवणाऱ्याकडून मारून घेतला. लोक हसले, पण फेंडरही मोटारींचेच रंग वापरायचे. त्यांचा प्रसिद्ध लाल रंग 1956 च्या फोर्ड थंडरबर्डवरचा. पेंटरने मात्र एक अट घातली. नाव घातल्याशिवाय गाडी त्याच्या गॅरेजमधून बाहेर पडत नाही. मागच्या बाजूला पिवळ्या अक्षरांत, खाली काळी छाया देऊन, त्याने ‘आईचा आशीर्वाद’ लिहिलं. ऐकणाऱ्यांना ते दिसत नाही, माझ्या पोटाला टेकतं. आईने मात्र तेव्हापासून गिटारला काठी म्हणणं सोडलं.

सूर लावायला भजनी मंडळाचे बुवा पेटी घेऊन आले. जाड तारेपासून पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा तीन. बुवांना शंका आली, “सगळ्या पांढऱ्याच? काळी एकही नाही?” नाही. “मग गातात कसे?” पण कान असा, की ट्यूनरचा काटा स्थिरावायच्या आत ते ‘झालं’ म्हणायचे, आणि झालेलं असायचं.

पावसाळ्यात नेक थोडी वाकते. तानसा आणि भातसा आमच्या तालुक्यात. पाणी मुंबईला जातं, दमटपणा तेवढा आमच्याकडे राहतो. नेकच्या पोटातल्या सळईला पावआटा पीळ दिला की ती पुन्हा सरळ येते.

गिटार उत्तम वाजते, वाजवणारा मध्यम आहे. आता दुसरी बांधायची आहे, या वेळी शिवणीच्या लाकडाची, ते हलकं असतं. शहापूर-मुरबाडात कुणी जुनं घर उतरवत असेल आणि त्यात शिवणीची फळी निघाली, तर कृपा करून चुलीत घालू नका, मला कळवा. पावणेदोन इंच जाड हवी आणि मधे गाठ नको.