नऊ वडापावांच्या यजमानास खुलं पत्र

प्रिय दादा,

ओळखलंस का? कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये भिंतीकडच्या टेबलावर तुझं प्रवचन ऐकत बसलेल्या पाच जणांतला मी चष्मेवाला. तू नुकताच हिंजवडीतल्या आयटी कंपनीत लागला होतास. ऑक्टोबरची 27 तारीख होती, आमची सबमिशनं तोंडावर आलेली. गळ्यातलं आयकार्ड तू शर्टाच्या खिशात असं अर्धवट खोचलं होतंस की कंपनीचं नाव दिसावं आणि फोटो दिसू नये. नऊ वडापाव, सहा चहा मागवलेस आणि म्हणालास, "अरे, नोकरीत आहे काय? केटी नाही, सबमिशन नाही, हजेरीची बोंब नाही. सात वाजले की मोकळे. वर महिन्याला पैसे!"

आम्ही भक्तिभावानं ऐकलं. एकानं तर वडापाव खाली ठेवून ऐकलं.

दादा, मला आता नोकरीत तीन वर्षं झाली. तू खोटं बोललास असं मी म्हणणार नाही. इथं सगळे शब्द कॉलेजातलेच निघाले. त्यांचे अर्थ सांगायचे तेवढे तू विसरलास.

केटीचंच घे. कॉलेजात केटी म्हणजे राहिलेला, पुन्हा द्यायचा पेपर. गणिताच्या एम थ्रीत निम्म्या वर्गाची दांडी गुल झाली, त्या संध्याकाळी होस्टेलच्या गच्चीवर आमचा जो सामुदायिक शोक झाला, तेवढी मजा पुढं पास होऊनही आली नाही. ऑफिसात केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. राजीनामा दिलेला माणूस जाताना आपलं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, त्या विधीचं हे नाव. माझ्या शेजारचा मार्चमध्ये गेला. जाण्याआधी त्यानं मला आठ दिवस केटी दिली: कुठला प्रोग्राम रात्री अडीचला कोसळतो, कोसळल्यावर कुणाला चुकूनही फोन करायचा नाही, आणि कुठल्या ओळीला हात लावायचा नाही. का लावायचा नाही, म्हणून विचारलं, तर त्याला त्याच्या आधीच्यानं एवढंच सांगितलं होतं म्हणे. कॉलेजात केटी लागलेला मागं राहायचा. इथं केटी देणारा बंगळुरूला जातो आणि घेणारा मागं राहतो.

पीएल आठवते? परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी. त्यातले पहिले चार दिवस आपण रंगीत पेनांनी टाइमटेबल आखायचो आणि पाचव्या दिवशी ते बदलायचो. इथंही पीएल आहे, प्रिव्हिलेज लीव्ह. कागदावर ती भरपूर आहे. गणपतीला गावी जायला म्हणून मी चार दिवस टाकले. अर्ज तीन आठवडे पोर्टलवर 'प्रलंबित' होता. मंजुरी आली अनंत चतुर्दशीला. पुढच्या वर्षी लवकर, एवढंच म्हणायचं राहिलं.

आणि बेंच! शेवटच्या बाकासाठी आम्ही पावणेनऊला येऊन वह्या टाकून जागा धरायचो. कंपनीत बेंचवर बसवतात ते हाताला प्रोजेक्ट नसला की. पगार चालू, काम बंद, ऐकायला स्वर्ग. पहिल्या आठवड्यात तसं वाटतंही. दुसऱ्या आठवड्यात माणूस चहाला जाताना लॅपटॉप बरोबर घेऊन जायला लागतो. पाचव्यात एचआरची मेल येते, 'सहज बोलू या'. शेवटच्या बाकावरच्या कुणालाही सरांनी इतक्या गोड आवाजात कधी बोलावलं नव्हतं.

शीटचं तर काय सांगू. ड्रॉइंगच्या शीट आपण जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, मारून पूर्ण करायचो. होस्टेलच्या खोलीत दोन खुर्च्यांवर काच आडवी, खाली टेबललॅम्प, हुशार पोराची शीट खाली, आपली वर. काच तापायची, घामानं कागद ओला व्हायचा, आणि पहाटे चारला कुणीतरी हुशार पोराचं नावही जसंच्या तसं गिरवून ठेवायचा. आता टाइमशीट भरतो. नारायण मूर्तींनी 2023 मध्ये तरुणांना आठवड्याला 70 तास काम करायला सांगितलं, तेव्हा देशभर केवढी आरडाओरड झाली! आमच्या टाइमशीटमध्ये 45 च्या वर आकडा जातच नाही. 46 टाकला की चौकट लाल होते. वरचे तास देशसेवेत धरायचे. प्रॉक्सीचं एका वाक्यात सांगतो: कॉलेजात प्रॉक्सी म्हणजे आवाज बदलून "प्रेझेंट सर" ओरडणारा मित्र, आणि इथं यूट्यूब बंद ठेवणारा सर्व्हर.

सात वाजता मोकळं होण्याबद्दल मी भूमकर चौकातल्या ट्रॅफिकमध्ये उभा असताना सविस्तर लिहीन. तिथं वेळ असतो.

राहिले पैसे. ऑफर लेटरवर 3 लाख 60 हजार होतं. आईनं 12 नं भागून गल्लीभर 30 हजार सांगितले. माझ्या हातात आले 23 हजार आणि चिल्लर. मग कळलं, कंपनी आपल्या पीएफमध्ये भरते तो हिस्साही आपल्याच पॅकेजात मोजलेला असतो, आणि पाच वर्षं टिकलो तर मिळणारी ग्रॅच्युइटीसुद्धा. व्यवसाय कर दरमहा 200, पण फेब्रुवारीत 300. का? तर राज्यघटनेनं या कराची वर्षाची मर्यादा 2500 ठेवलीय आणि 200 गुणिले 12 केले की 2400च भरतात. उरलेले 100 सोडवत नाहीत. आणि ते कापायला महिना निवडलाय तो 28 दिवसांचा.

घरी पैसे मागावे लागत नाहीत, हे सुख मात्र मोठं आहे. त्याचं श्रेय तुला देत नाही.

तुला एक ठाऊक नसेल. कॉलेज सोडताना नो ड्यूजच्या कागदावर सह्या गोळा करत फिरत होतो. लायब्ररी झाली, लॅब झाली. त्या कागदावर कॅन्टीनची सही लागत नाही, पण तिथल्या मामांनी हाक मारली आणि वही उघडली. 27 ऑक्टोबर. वडापाव 9, चहा 6. पुढं तुझं नाव, आणि कंसात 'पगार झाल्यावर'. तेव्हा तुला मनातल्या मनात फार बोललो होतो. आता माझीही दोन ठिकाणी वही चालते, म्हणून गप्प आहे.

एकूण 195 रुपये होतात. मी तेव्हा भरले, वडिलांच्या पैशातून. माझा गूगल पेचा नंबर तोच आहे. एक तारखेनंतर पाठवलेस तरी चालेल.

तुझाच,
चष्मेवाला