उद्या लागलो तर?

घरात काही मोडलं की ज्याचा चेहरा खुलतो, असा एक माणूस कोकणात वाडीगणिक असतो. आमच्या वाडीत तो मान थोरल्या काकांचा, म्हणजे अण्णांचा. ते परळला गिरणीत फिटर होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, भोंगा गप्प झाला आणि अण्णा पत्र्याची ट्रंक घेऊन गावी आले. ट्रंकेत कपड्यांचे दोन जोड, बाकी पाने.

ट्रंक मांगरात गेली. त्यानंतर मांगरात जे गेलं ते बाहेर आलं नाही: पटाशा, कानशी, तीन रंधे, दात पडलेल्या करवती.

यंदा पावसात मांगराचा वासा मोडला, तेव्हा सफाई काढावीच लागली. मी पहिलाच पाना उचलला. त्यावर कोरलेलं अर्धा इंच, जबडा मात्र जवळजवळ इंचभर.

"ह्यो व्हिटवर्थ," अण्णा म्हणाले. "आकडो बोल्टाचो, नटाचो न्हय."

गिरणीतली जुनी यंत्रं विलायती, त्यांचे आटेही विलायती. आताचे नटबोल्ट मिलिमीटरचे.

"मग भंगारात देऊ?"

"आणि उद्या लागलो तर?"

शेवटी तोडगा निघाला: भंगारात काही नाही, चांगल्या हाती द्यायचं. अण्णांनी पडवीत मुलाखती मांडल्या. सुताराच्या पोराला विचारलं, "रंधो खाली कसो ठेवतलंस?" पोरगा "कुशीवर" म्हणाला, तेव्हा कुठे रंधा सुटला. पकडीनं खिळा ठोकताना दिसलेला वायरमन दारातूनच परत गेला.

पण अवजार दिलं तरी त्यावरचा हक्क अण्णांनी सोडला नव्हता. दर रविवारी ते वाडीभर पाहणीला निघत. "मेल्या, कानशीक तेल लावलंस? खडू लावूक व्हयो!" लोक त्यांची काठी वाजली की मागच्या दारानं पसार होऊ लागले.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी एकेक जण अंगणात आला. "अण्णानू, पूजा तुमच्याकडेच बरी," म्हणत ज्यानं त्यानं आपलं अवजार ओटीवर ठेवलं. अण्णांनी सगळ्यांना गंधफूल वाहिलं. दुसऱ्या दिवशी न्यायला कुणी फिरकलं नाही.

मोजदाद केली, तर एक करवत जास्त भरली. मूठ तुटलेली, गंजकी, आमची नव्हेच.

अण्णांनी तिच्या दातांवरून अंगठा फिरवला आणि ती मांगरात नेऊन खुंटीला लावली.